शोधायच्या चौकटीत स्टार चालू द्या की हो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात ऑनलाइन याद्यांमध्ये नाव न सापडणाऱ्या लोकांच्या तक्रारी आल्या होत्या, आणि परवा त्यावर एका वाचकाचं पत्र होतं की कॉम्प्युटरला मराठीच येत नाही तर दुसरं काय होणार. त्यावर थोडं लिहायचंय, थोडं म्हणता म्हणता जास्तच होईल, तुम्ही कापून घ्या. माझं कुडाळच्या बाजारात छोटं दुकान आहे, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, दाखले हे सगळं, आणि जोडीला पतसंस्था, आंबा व्यापारी, मच्छीमार सोसायटी यांना लागेल तसं सॉफ्टवेअर पण लिहून देतो. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंना काय चालतं ते मला माहीत आहे.

कॉम्प्युटरला मराठी येत नाही हे खरंच आहे, पण त्याला इंग्लिश तरी कुठे येतं. त्याला फक्त आकडे येतात. एक आकडा दुसऱ्यासारखा आहे की नाही एवढंच तो बघतो, आणि नाव सापडत नाही कारण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने त्याला सांगून ठेवलंय की तंतोतंत तेच असेल तरच हो म्हण. आता आपल्याकडे तंतोतंत काय असतं सांगा. राजापूर, राजापुर. सावंत, सावन्त. विठ्ठल, विठठल, विठल. हापूस आणि हापुस. एकाच माणसाचं नाव सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं आणि मतदार यादीत तिसरं. गणपतीत चाकरमानी येतात, दोन-चार दिवसांत सगळी कागदपत्रं उरकायची असतात, दुकानात गर्दी, त्यात लाईट जाते, आणि एखादे काका स्क्रीनकडे बघत विचारतात, "झिला, आमचा नाव खय गेला रे?" नाव कुठेही गेलेलं नसतं, ते तिथेच यादीत बसलेलं असतं, फक्त त्यात एक उकार ऱ्हस्व पडलेला असतो.

यावरचा उपाय काही नवीन नाही, माझ्यापेक्षा म्हातारा आहे. वाइल्डकार्ड. रमीत जोकर असतो ना, कुठल्याही पानाच्या जागी चालतो, तसं शोधताना जे अक्षर आपल्याला नक्की माहीत नाही त्याच्या जागी एक खूण टाकायची. प्रश्नचिन्ह टाकलं की त्या जागी कुठलंही एक चिन्ह चालेल. स्टार (*) टाकला की कितीही चालतील, शंभर चालतील आणि एकही नसलं तरी चालेल. बस्स, संपलं शास्त्र. साठीच्या माणसाला मी हे चहा यायच्या आत शिकवतो आणि त्याला ते कळतं.

युनिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तेव्हा त्यासाठी ग्लॉब नावाचा वेगळा प्रोग्रॅमच होता, ग्लोबल शब्द तोडून केलेला, आणि आजही प्रोग्रॅमर लोक या प्रकाराला ग्लॉबच म्हणतात. मग पीसीवरच्या डॉसमध्ये आलं, ज्यांनी नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लास केला त्यांना स्टार डॉट स्टार आठवत असेल. डॉसचा स्टार मात्र अर्धवट होता, स्टारनंतर नावात तुम्ही काय लिहिलंय ते तो बघायचाच नाही, म्हणजे शेवटी अमुक अक्षरं असलेली फाईल दे असं सांगितलं तरी सगळ्या फाईली समोर ओतायचा. आपल्या कोकणात तो स्टार काही कामाचा नव्हता, कारण आपली अर्धी आडनावं शेवटाकडूनच ओळखायची. मालवणकर, वेंगुर्लेकर, दाभोळकर, केळशीकर, गाव घ्या आणि कर लावा.

तर आता *कर असा पॅटर्न घ्या. म्हणजे आधी काहीही, शेवटी कर. हे कॉम्प्युटर कसं तपासतो ते एकदा बघण्यासारखं आहे, म्हणून मुद्दाम करमरकर आडनाव घेतो. आधी स्टारला काहीच द्यायचं नाही, त्याला रिकामा ठेवायचा. मग पॅटर्नमधला क आणि नावातला पहिला क जुळला, र आणि र जुळला, पॅटर्न संपला पण नाव संपलं नाही, मरकर अजून उरलंय. म्हणजे चुकलं. मग मागे स्टारपाशी यायचं आणि त्याला एक अक्षर खायला द्यायचं. त्याने क खाल्ला, आता समोर र आहे आणि आपल्याला हवाय क, नाही जमत. अजून एक दिलं, समोर म, नाही. अजून एक, समोर र, नाही. चौथं दिलं, करमर एवढं स्टारच्या पोटात गेलं, आता समोर क, मग र, आणि दोन्ही एकदमच संपले. जुळलं! परकार घेतलं तर ते जुळणार नाही, तिथे क आणि र च्या मधे काना आहे. आणि शंकर, दिनकर, भास्कर, प्रभाकर हे सगळे जुळणार, कारण पॅटर्नला आडनाव आणि नाव यातलं काही कळत नाही, तो फक्त चिन्हांची रांग बघतो.

एका पॅटर्नमध्ये चार-पाच स्टार असले की नवशिका प्रोग्रॅमर इथे फसतो, तो प्रत्येक स्टारसाठी मागे जाऊन सगळ्या शक्यता परत परत तपासत बसतो आणि नाव लांब असलं, त्यात तीच तीच अक्षरं असली की मशीन घुमायला लागते. खरं म्हणजे फक्त शेवटच्या स्टारपाशी परत गेलं तरी पुरतं. आधीच्या स्टारनंतरचा तुकडा जितका लवकर जुळला तितका चांगलाच, पुढच्यासाठी तेवढी जास्त जागा शिल्लक राहिली, मग त्याला पुन्हा हात कशाला लावायचा. एवढं लक्षात ठेवलं की वीस-पंचवीस ओळींत काम होतं आणि वेगात चालतं. हा प्रश्न नोकरीच्या इंटरव्ह्यूला पण विचारतात, लीटकोड या सरावाच्या साइटवर ४४ नंबरचं गणित हेच आहे, आपल्याकडची आयटीची पोरं ते घोकून जातात. त्या गणितात एक अट घातलेली आहे बघा, की मजकुरात फक्त इंग्लिशची लहान लिपीतली अक्षरं असतील. म्हणजे ए ते झेड. पोरगं ते सोडवतं, पुण्याला नोकरीला लागतं, आणि मग एक दिवस त्यालाच मराठी नावांची यादी शोधायचं काम मिळतं.

आणि खरी गंमत तिथे सुरू होते.

तुम्हाला विचारलं रत्नागिरीत अक्षरं किती, तर तुम्ही सांगाल चार. र, त्ना, गि, री. कॉम्प्युटरला विचारा, तो सांगेल नऊ. र, त, हलंत (पाय मोडायची खूण), न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी, हे प्रत्येक त्याच्यासाठी वेगळं चिन्ह आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना नंबर देणाऱ्या यादीत, प्रत्येकाला वेगळा नंबर आहे. म्हणजे चार प्रश्नचिन्हं टाकली तर रत्नागिरी जुळणार नाही, नऊ टाकली तर जुळेल. त्याहून जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर असेल तर ते बाइट मोजतं, आणि हे नंबर साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे सत्तावीस प्रश्नचिन्हं. रत्नागिरीसाठी सत्तावीस! वेंगुर्ले आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, ते पण आत नऊच आहे.

आता यामुळे प्रत्यक्षात काय होतं ते बघा. समजा मला राजापूरमधला पू दीर्घ आहे की ऱ्हस्व ते माहीत नाही. साधा माणूस काय करेल, ज्या अक्षराची शंका आहे ते अख्खं उचलून तिथे प्रश्नचिन्ह टाकेल, राजा?र. त्याचं बरोबरच आहे. पण याने राजापूर पण सापडत नाही आणि राजापुर पण सापडत नाही, कारण पू म्हणजे आत दोन चिन्हं, प आणि उकार, आणि प्रश्नचिन्ह एकाच चिन्हाला जागा देतं. चालेल ते काय, तर राजाप?र. प ठेवायचा आणि फक्त उकाराच्या जागी प्रश्नचिन्ह. हे मला कळतं कारण माझा धंदा आहे, त्या काकांना का कळावं? त्यांना शाळेत पू हे एक अक्षर म्हणून शिकवलं आणि ते एकच अक्षर आहे. माझं म्हणणं असं की मराठी यादीत शोधताना प्रश्नचिन्हाने एक अख्खं अक्षर घ्यायला पाहिजे, त्याच्या काना, मात्रा, जोडाक्षरासकट.

कोणी म्हणेल हे तांत्रिकदृष्ट्या कठीण आहे. नाहीये. कुठल्या चिन्हांचा मिळून एक गट धरायचा याचे नियम युनिकोडने स्वतःच लिहून ठेवलेत, आणि पर्लसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये असा एक गट उचलायची सोय तयार आहे. पूर्वी त्यात एक खोट होती, जोडाक्षर हलंतापाशी तुटायचं, त्ना चे त् आणि ना असे दोन तुकडे मोजले जायचे, पण २०२३ च्या युनिकोड १५.१ आवृत्तीत देवनागरीसकट काही भारतीय लिप्यांसाठी तो नियम सुधारला, आता त्ना एकच धरला जातो. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनी त्यांचं काम केलंय, आपल्याकडच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी फक्त तयार कोडची लायब्ररी अपडेट करायची आहे, तेवढं पण होत नाही.

स्टारच्या बाबतीत मात्र उलट, तिथे चिन्हं मोजलेलीच बरी. म* टाकलं की मालवण, मुणगे, मोरे सगळे यायला हवेत, तिथे मा हे म पेक्षा वेगळं अक्षर आहे असं म्हणत बसलात तर निम्मी यादी गायब होईल. पण त्याचा पण त्रास आहेच. *कर* टाकलं, म्हणजे कुठेही कर असेल ते, तर मकरंद येतो ते ठीक, पण करुणा पण येते. तुम्ही म्हणाल करुणात कर कुठे आहे, तिथे रु आहे. पण आत क, मग र, मग उकार अशी रांग आहे, त्यामुळे त्याच्या दृष्टीने कर आलं. आपल्या घाटातलं शेकरू सुद्धा येईल.

कऱ्हाडे आडनावाचं तर विचारूच नका. तो अर्धा र, आपल्या मराठीतला खास, तो टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एकात खाली टिंब असलेला वेगळा ऱ घ्यायचा आणि त्याला हलंत लावायचा. दुसऱ्यात साधा र, हलंत, आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात, डोळे फाडून बघितलं तरी फरक दिसणार नाही, आणि आत एकमेकांशी जुळत नाहीत. तिसरे म्हणजे आमच्यासारखे घाईत असलेले डेटा एंट्रीवाले, त्यांना कीबोर्डवर तो र सापडत नाही म्हणून सरळ रफार देऊन कर्हाडे करून टाकतात. या तिघांना एका जाळ्यात पकडायचं तर क*हाडे. स्टारशिवाय हे जमवून दाखवा मला. ॲडव्होकेटचा ॲ पण तसाच, अ वर चंद्र ठेवून लिहिलेला वेगळा आणि २००८ साली युनिकोडमध्ये आलेला अख्खा ॲ वेगळा, दोन्ही पाट्यांवर सारखेच दिसतात. यातला ऱ चा खालच्या टिंबाचा घोळ युनिकोडच्या ठरलेल्या सफाईत निघून जातो, पण न दिसणाऱ्या चिन्हाचा आणि ॲ चा निघत नाही, तो प्रोग्रॅमरने हाताने निस्तरावा लागतो. यादी भरतानाच निस्तरला तर उत्तमच. पण भरलेल्या याद्या आता परत कोण भरणार?

मग सगळ्या ठिकाणी स्टार का देत नाहीत? याचं कारण मी काउंटरच्या पलीकडच्या बाजूने सांगतो. डेटाबेसमध्ये स्टार आणि प्रश्नचिन्ह नसतात, तिथे त्याच कामाला टक्क्याची खूण (%) आणि अंडरस्कोर (_) असतात. प्रोग्रॅमरने बदलून दिलं नाही तर तुम्ही टाकलेला स्टार डेटाबेस खरोखरचा स्टार समजतो आणि ज्याच्या नावात स्टार आहे असा माणूस शोधत बसतो. आता सावंत% शोधायला सोपं आहे, यादी अक्षरवार लावलेली असते, स वर जायचं, सावंत वर जायचं, तिथून पुढे वाचायचं. पण %कर म्हटलं की ती अक्षरवार लावणी काहीच कामाची नाही, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळं चाळावं लागतं, आणि यादी मोठी असली आणि एकाच वेळी हजारो लोक शोधत असले की सर्व्हर बसतो. म्हणून शहाणा प्रोग्रॅमर काय करतो, सुरुवातीची अक्षरं तंतोतंत टाका एवढंच ठेवतो आणि घरी जातो. त्याला दोष देत नाही, पण यावर पण उपाय आहेत. प्रत्येक आडनाव उलटं करून शेजारच्या रकान्यात ठेवायचं, मालवणकरचं रकणवलाम, वाचायला कुठल्या तरी राक्षसाचं नाव वाटेल पण आता शेवटी कर असलेले शोधायचे तर रक% शोधा, झालं, परत अक्षरवार लावणी कामाला आली. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये तर नावाचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून त्यांची सूची ठेवायची सोय आहे, फुकट आहे, मधलं काहीही शोधा. (तिथे पण तीन तरी सलग चिन्हं द्या हं, नुसत्या स्टारला कुठलीच सूची वाचवू शकत नाही.)

दुसरी भीती असते की स्टार दिला तर कोणीतरी नुसता स्टार टाकून सगळी यादीच काढून नेईल. ही भीती बरोबर आहे. पण एक सांगू का, ज्या ठिकाणी स्टार बंद आहे अशा एका सॉफ्टवेअरमध्ये मी टक्क्याची खूण टाकली आणि समोर सगळ्या सभासदांची नावं आली! म्हणजे दार बंद आणि खिडकी सताड उघडी. चौकटीत आलेला मजकूर तसाच्या तसा डेटाबेसला दिला की हे होणारच. बंदी घालण्यापेक्षा साधी अट घाला, निदान दोन खरी अक्षरं टाकलीच पाहिजेत, आणि एका वेळी पन्नासच्या वर नावं दाखवायची नाहीत, जास्त असतील तर गाव निवडा म्हणून सांगायचं.

आणि कृपा करून कोणी उत्साहात येऊन वाइल्डकार्डच्या ऐवजी रेग्युलर एक्स्प्रेशन देऊ नका. ते याचंच मोठं भावंड आहे, युनिक्स बनवणाऱ्यांपैकी केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये ते वेगाने कसं शोधायचं ते लिहून ठेवलंय, ताकद फार आहे, पण चुकीच्या हातात गेलं तर घात करतं. क्लाउडफ्लेअरसारख्या कंपनीने २ जुलै २०१९ ला असा एक चुकीचा एक्स्प्रेशन चढवला आणि त्यांच्या भरवशावर चालणाऱ्या जगभरच्या साइट्स सुमारे अर्धा तास आडव्या झाल्या, कारण काय तर त्यातले दोन-तीन "कितीही काहीही" एकमेकांत अडकले आणि मशीन मागे जाऊन जाऊन थकली. त्यात आणखी घोळ म्हणजे तिथे स्टारचा अर्थ वेगळा, आधीचं चिन्ह कितीही वेळा असा, आणि ते मधेच कुठेही जुळलं तरी हो म्हणतं, तर वाइल्डकार्डला अख्खं नाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळावं लागतं. माझ्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला हे दोन्ही शिकवायची माझी तयारी नाही.

हल्ली लोक सांगतात की एआय आलंय, ते आपोआप जवळचं नाव शोधून देईल, स्टारची गरजच काय. देईल, नाही म्हणत नाही. पण ते अंदाजाने देतं, अमुक नाव का आलं आणि तमुक का नाही आलं हे विचारायची सोय नाही. वारसाच्या नोंदीत, जमिनीच्या कामात मला अंदाज नकोय. साव*त टाकलं आणि सावंत, सावन्त दोन्ही आले तर का आले ते मला दिसतं, आणि त्यात मधेच सावंतवाडीत असा शब्द आला तरी तो का आला ते पण मी काकांना बोट ठेवून दाखवू शकतो, शेवटी त आहे ना.

स्टार म्हणजे जादू आहे असं मात्र कोणी समजू नका. गाड्यांच्या नोंदीचं उदाहरण देतो, एका आंबा व्यापाऱ्याला रत्नागिरीच्या गाड्यांच्या खेपा वेगळ्या काढायच्या होत्या. कोणी एमएच०८ लिहिलंय, कोणी मधे जागा सोडलीय, कोणी आडवी रेघ दिलीय. त्याच्या पोराने हुशारीने एमएच*०८* टाकलं आणि यादीत पुण्याच्या एमएच १२ च्या गाड्या पण आल्या, कारण त्यांच्या मागच्या चार आकड्यांत कुठेतरी शून्यानंतर आठ होता. तिथे एमएच?०८* पण पुरत नाही, कारण प्रश्नचिन्ह म्हणजे एक चिन्ह पाहिजेच, जिथे जागा सोडलेलीच नाही त्या गाड्या सुटतात. शेवटी आधी जागा आणि रेघा काढून टाकल्या आणि साधं एमएच०८* केलं. आधी साफसफाई, मग शोध.

आणि शोधताना स्टार ढिला पडला तर चार नावं जास्त येतात एवढंच, पण डिलीट करताना ढिला पडला तर रडायची पाळी येते. लिनक्सवर शेवटी बॅक असलेल्या फाईली उडवायच्या म्हणून आरएम (फाईल उडवायची आज्ञा) लिहून पुढे *.bak टाकलं, आणि स्टार आणि टिंबाच्या मधे चुकून एक जागा सुटली की स्टार एकटा पडतो, आणि एकट्या स्टारचा अर्थ सगळ्या फाईली. तिथे विचारत पण नाही, कारण स्टारचा अर्थ लावायचं काम शेल, म्हणजे आपण दिलेली आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, आधीच करून टाकतो, आरएमच्या हातात नुसती फाईलींची यादी येते, त्याला बिचाऱ्याला तुम्ही स्टार टाकला होता हे माहीतच नसतं. म्हणून उडवायच्या आधी तोच पॅटर्न एलएसला, म्हणजे फाईलींची नावं नुसती दाखवणाऱ्या आज्ञेला, देऊन काय काय येतंय ते बघून घ्यावं, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो.

ज्या याद्या स्कॅन करून चढवल्यात, म्हणजे नुसते फोटो आहेत, किंवा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्यात, जिथे दिसतं मराठी पण आत इंग्लिशची एबीसीडी कोंबलेली असते, तिथे स्टार, प्रश्नचिन्ह, काहीच चालत नाही. त्या याद्या आधी युनिकोडमध्ये आणा. ही मागणी पण लिहून घ्या, आणि मूळ मागणी एवढीच आहे की ज्या ज्या ठिकाणी मराठी नाव शोधायची चौकट आहे तिथे स्टार आणि प्रश्नचिन्ह चालू द्या, प्रश्नचिन्हाला अख्खं अक्षर धरा, आणि चौकटीच्या खाली मराठीत दोन ओळी लिहा की हे असं वापरा. एक उदाहरण द्या, आपल्याकडचं, राजा?र चालेल. लोकांना जमतं हो, लोक यूपीआय शिकले, तिकीट बुक करायला शिकले, हे काय मोठं.

तोपर्यंत वाचकांच्या उपयोगाचं एक सांगून ठेवतो. तुमच्या वाडीच्या, मंडळाच्या, सोसायटीच्या याद्या एक्सेलमध्ये असतील तर तिथे हे आजच चालतं. फिल्टरच्या चौकटीत *कर टाका किंवा विठ*ल टाका, आणि बघा काय काय निघतं. आणि बऱ्याच सोसायट्यांमध्ये मयत सभासदाच्या नावापुढे स्टारची खूण करायची पद्धत असते, ती नावं शोधायला नुसता स्टार टाकलात तर सगळेच सभासद येतील, तेव्हा स्टारच्या आधी ~ ही नागमोडी रेघ टाका, ~* असं, म्हणजे एक्सेल त्याला खरा स्टार समजेल.

आपला,
एक वाचक (नाव छापू नये, दुकानात आधीच गर्दी असते)
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग